कारखान्याचा नकाशा : आटगावच्या शिबिरातून आणलेली शिदोरी



गेला गळीत हंगाम आटोपल्यावर आपल्या कारखान्यातर्फे आम्ही पाच जण ठाणे जिल्ह्यातील आटगाव येथे चार दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराला जाऊन आलो. शेतकी, शेअर्स, लेखा, वजनकाटा आणि संगणक अशा पाच खात्यांतून एकेक जण होता. शिबिराच्या विषयाला इंग्रजीत ‘बिझनेस आर्किटेक्चर’ म्हणतात. नाव ऐकून आमच्यातील एकाने विचारले, “साहेब, आता आपण इमारती बांधायच्या का?” परत आल्यापासून सभासदही भेटतील तिथे हाच प्रश्न विचारतात. “एवढं काय शिकून आलात? आणि त्याचा आमच्या उसाला काय उपयोग?” प्रश्न रास्त आहे. खर्च सभासदांच्या पैशातून झाला आहे. सबब आम्ही जे शिकलो ते या लेखात समजेल अशा भाषेत मांडत आहोत.

उसाच्या माणसांनी आटगावला कशाला जायचे?

आटगाव हे शहापूर तालुक्यातील गाव. कसारा लोकलने गेले की आसनगावच्या पुढचे स्टेशन. शहापूर-मुरबाडचा हा मुलूख भाताचा. शिवारात उसाचे कांडे दिसत नाही. आम्हाला प्रथम नवल वाटले. पण शिक्षकांनी पहिल्याच दिवशी खुलासा केला. आपल्या घरातला खड्डा आपल्याला दिसत नाही, कारण रोज चालून पायाला त्याची सवय झालेली असते. परक्या घरात मात्र पहिल्या पावलाला ठेच लागते. म्हणून आधी परका धंदा पाहायचा आणि मग आपल्याकडे वळायचे.

पहिला धडा तर रस्त्यावरच मिळाला. याच तालुक्यातून मुंबईला पाणी जाते. तानसा धरण १८९२ सालचे, मोडक सागर १९५७ सालचे, शिवाय भातसा आहे. धरण आहे, जलवाहिनी आहे, खाती आहेत, इंजिनिअर आहेत. आणि तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. शिक्षकांनी विचारले, “इथे काय कमी आहे? पाणी, पाईप की माणसे?” आम्ही गप्प. ते म्हणाले, “शहराला पाणी पोहोचवायची रचना पूर्वीच आखली गेली आणि ती चालते आहे. शेजारच्या पाड्यापर्यंत पोहोचण्याची रचना तशी आखली गेली नाही. साधनसामग्री असणे वेगळे आणि रचना असणे वेगळे.” शिबिराचे सार आम्हाला तिथेच कळले म्हणावयास हरकत नाही.

या विद्येचा थोडा पूर्वेतिहास

घर बांधताना गवंडी येण्यापूर्वी नकाशा काढतात. न्हाणीचे पाणी कुठे जाईल, चुलीचा धूर कुठून निघेल, गोठा वाऱ्याच्या कोणत्या बाजूस असावा, हे कागदावर ठरते. धंद्याचाही असा नकाशा काढता येतो, हा विचार गेल्या चाळीस वर्षांत पुढे आला. अमेरिकेतील मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली माल कच्च्यापासून पक्क्यापर्यंत जाताना त्याचे मोल कोणत्या पायरीवर वाढते, ते साखळीच्या रूपाने मांडले. आयबीएम कंपनीतील जॉन झॅकमन यांनी १९८७ साली दाखविले की, संगणक आणण्यापूर्वी धंद्यातील माहितीची मांडणी वास्तुविशारदासारखी केली पाहिजे. पुढे २०१० साली या कामातील मंडळींनी ‘बिझनेस आर्किटेक्चर गिल्ड’ नावाची संघटना स्थापन केली. तिचा ‘बिझबॉक’ हा मार्गदर्शक ग्रंथ आहे आणि परीक्षा घेऊन ती प्रमाणपत्रही देते. मोठ्या बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती येथील विश्लेषक व व्यवस्थापक हे शिक्षण घेतात. विश्लेषक म्हणजे आकडे आणि कामाची पद्धत तपासून दोष कुठे आहे ते सांगणारा. व्यवस्थापक म्हणजे त्यावर निर्णय घेणारा.

आता हे विलायती आहे म्हणून दूर सारण्याचे कारण नाही. आपल्या सहकारात अभ्यासक आणि कारभारी एकत्र बसण्याची परंपरा जुनी आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा कारखाना उभा केला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील हा पंडित शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या खुर्चीवर बसला. एकाला माणसे माहीत होती, दुसऱ्याला हिशेबाची मांडणी माहीत होती. आजही पुण्याची वैकुंठ मेहता संस्था सहकारी व्यवस्थापनाचे आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर धंद्याचे शिक्षण देतेच. आम्ही शिकलो ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

चार कागद

या विद्येचे मूळ चार कागदांत मावते.

पहिला कागद क्षमतांचा. संस्थेला काय काय करता आले पाहिजे, एवढेच त्यावर लिहायचे. कोण करतो, कोणत्या खोलीत करतो, कोणत्या यंत्राने करतो, हे लिहायचे नाही. उदाहरणार्थ ‘उसाचे वजन करता येणे’ ही क्षमता. पूर्वी साधा काटा होता, आज इलेक्ट्रॉनिक आहे, क्षमता तीच.

दुसरा कागद लाभाच्या वाटेचा. ज्याच्यासाठी संस्था आहे, त्या माणसाच्या पदरात लाभ पडेपर्यंत कोणकोणते टप्पे येतात ते क्रमाने मांडायचे. इथे साहेबाच्या टेबलावरून न पाहता सभासदाच्या बांधावरून पाहायचे.

तिसरा कागद माहितीचा. कोणती नोंद कुठे जन्मते, कुठे जाते, कोण बदलू शकतो.

चौथा कागद माणसांचा व खात्यांचा. हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला असतो. गंमत अशी की, बहुतेक संस्थांजवळ हा एकच कागद असतो. त्यामुळे काही बिघडले की आपण एकच प्रश्न विचारतो, “कुणाची चूक?” बाकीचे तीन कागद असतील तर विचारता येते, “कोणत्या टप्प्यावर, कशाच्या अभावी?”

भाताच्या काट्यावरचा सराव

दुसऱ्या दिवशी सराव झाला तो भात खरेदीवर. शहापूर-मुरबाड भागात आदिवासी शेतकऱ्यांचे भात हमीभावाने घेण्याचे काम आदिवासी विकास महामंडळ स्थानिक सहकारी संस्थांमार्फत करते. हे महामंडळ १९७२ साली स्थापन झाले. पद्धत थोडक्यात अशी : शेतकऱ्याने सातबारा दाखवून नाव नोंदवायचे, भात केंद्रावर आणायचे, ओलावा १७ टक्क्यांच्या आत आहे ना ते पाहायचे, वजन, पावती, गोदाम, मग गिरणीत भरडाई. एक क्विंटल भातामागे ६७ किलो तांदूळ परत यावा असे प्रमाण धरतात. तो तांदूळ रेशनला जातो आणि शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात.

आम्हाला सांगितले की, खरेदीचे एक काल्पनिक केंद्र धरा आणि वाट मांडा. आम्ही सर्व टप्पे चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर चिकटविले. वाटले, झाले काम. मग शिक्षकांनी एकच विचारले, “बारदान संपले तर?” आम्ही चिठ्ठ्या पाहू लागलो. वजन होते, गोदाम होते, पावती होती. पण ‘बारदान वेळेवर मिळविता येणे’ ही चिठ्ठीच नव्हती. पोती नसतील तर काटा असून उपयोग काय? दुसरा प्रश्न, “भरडाईचा हुकूम उशिरा निघाला तर?” तर गोदाम भरून राहील, नवीन भात घेता येणार नाही, आणि शेतकरी बैलगाडी घेऊन काट्याशी उभा राहील. तो भांडणार कोणाशी? काटेवाल्याशी. काटेवाल्याचा दोष मात्र काहीच नाही. अडले आहे तीन टप्पे पुढे.

हे ऐकताना आम्हा पाचही जणांना आपली गव्हाण आठवली हे सांगायला नको.

आमच्या खात्याची एक चूक

तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या संस्थेतील एक खरी घटना मांडायची होती. आम्ही जी मांडली ती येथेही सांगतो. झाकून ठेवल्याने चूक सुधारत नाही.

२०२३-२४ च्या हंगामातील गोष्ट. आपल्या एका सभासदाने जुलै २०२२ मध्ये आडसाली लागण केली होती. आमच्या स्लिप बॉयने वेळेवर नोंद घेतली. पुढे ते सभासद वारले. त्यांच्या पत्नीने वारस नोंदीचा अर्ज रीतसर शेअर्स विभागाकडे दिला. त्या विभागाने जुन्या सभासदाच्या नावापुढे ‘मयत’ असा शेरा मारला. कागदपत्रे पुरी होईपर्यंत नवे नाव चढत नाही, हा नियम. इकडे तोडणी कार्यक्रमाची यादी संगणकावर निघाली तेव्हा शेरा असलेली नावे आपोआप बाजूला पडली. आमच्या गट ऑफिसला वाटले, यादी वरून आली म्हणजे बरोबरच असणार. आडसाली ऊस डिसेंबरात सतरा महिन्यांचा झाला. शेजारच्या फडात टोळी आली नि गेली. या भगिनी तीन वेळा गट ऑफिसला आल्या. प्रत्येक वेळी सांगितले गेले, “ताई, यादीत नाव नाही, शेअर्सला विचारा.” शेअर्सने सांगितले, “तोडीचं आमच्याकडं नसतं, शेतकीला विचारा.”

ऊस तुटला मार्चच्या अखेरीस. तुरा आलेला, कांडी पोकळ पडलेली, वजन घटलेले. खोडव्याचाही हंगाम गेला. त्या भगिनी आम्हाला एवढेच म्हणाल्या, “साहेब, मालक गेले, पण ऊस तर उभाच होता ना?”

आम्ही २२ वर्षे शेतकी खात्यात आहोत. त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. चौकशीत काय निघाले? स्लिप बॉयचे रजिस्टर बरोबर. शेअर्सचा शेरा नियमाप्रमाणे. संगणकाने सांगितले तसे केले. प्रत्येकाचा कागद चोख, आणि नुकसान मात्र पुरेपूर. चौकशी बंद झाली. पण आमच्या मते दोष होता आणि त्यातला मोठा वाटा आमच्याच खात्याचा होता. उभा ऊस डोळ्यांनी पाहत असताना आम्ही यादीवर विश्वास ठेवला.

नकाशावर काय दिसले

ही घटना आम्ही चार कागदांवर मांडली. सभासदाच्या बाजूने वाट अशी : लागण, नोंद, पाहणी, पक्वता, तोड चिठ्ठी, तोड, वाहतूक, वजन, गाळप, बिल. प्रत्येक टप्प्याखाली कोणती क्षमता लागते, कोणती नोंद लागते आणि कोणते खाते ते सांभाळते, हे लिहीत गेलो. चांगले चालते तिथे हिरवी खूण, डळमळीत तिथे पिवळी, तुटलेले तिथे तांबडी.

तेव्हा तीन गोष्टी नजरेस आल्या.

एक. ‘सभासद कोण’ ही नोंद आपल्याकडे पाच ठिकाणी आहे. शेअर्स रजिस्टर, लागण रजिस्टर, तोडणी यादी, काटापावती आणि ऊस बिल. पाचही ठिकाणी ती वेगवेगळ्या कारणाने बदलते. एका ठिकाणी बदलली की दुसरीकडे कळविण्याचे काम कोणाच्याच नावावर नाही. खात्यांच्या कागदावर हे कधीच दिसले नसते, कारण तिथे प्रत्येक चौकट भरलेली आहे. रिकामे आहे ते दोन चौकटींच्या मधले.

दोन. आपण सभासद आणि ऊस यांची गल्लत केली. शेअर्सच्या हक्काचा निकाल लागायला वेळ लागू शकतो. उसाला थांबता येत नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, प्रत्येकाची पक्वतेची वेळ ठरलेली. तोडलेला ऊस तर २४ तासांत गव्हाणीत पडावा असे आम्हीच सभासदांना सांगत असतो. म्हणजे ‘बिल कोणाच्या नावे’ हा प्रश्न वादात असला तरी ‘ऊस केव्हा तोडायचा’ हा निर्णय वेगळा काढून आधी घेता आला पाहिजे. रक्कम अनामत ठेवता येते, ऊस अनामत ठेवता येत नाही.

तीन. आमच्या पहिल्या नकाशात तोडणी टोळीच नव्हती! ती मुकादमाची, आपली नव्हे, म्हणून कोणी चिठ्ठीच लिहिली नाही. वास्तविक बीडकडून आलेली ही माणसे थंडीत पहाटे फडात उतरतात तेव्हा कुठे आपली गव्हाण चालते. उचल, पाणी, आजारपण, मुलांची शाळा यांपैकी काही बिघडले की टोळी जाते आणि तोडणी कार्यक्रम कोलमडतो. जे आपल्या पगारपत्रकावर नाही ते आपल्या नकाशावरही नाही, अशी ही सवय. शिक्षकांनी तिथे आम्हाला चांगलेच धारेवर धरले.

बिलाचेही असेच आहे

आणखी एक उदाहरण देतो, कारण सभासदांचा सर्वांत जास्त रोष त्यावर असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला. बिल थकले की आपण लेखा विभागात जाऊन टेबल वाजवितो. पण नकाशा सांगतो की, बिल देण्याची क्षमता एकट्या लेखा विभागात नाहीच. उताऱ्याचा अचूक हिशेब, साखरेची विक्री, साखर तारणावर बँकेची उचल आणि अचूक खाते क्रमांक या चार गोष्टी जुळल्या तरच बिल निघते. एक पाय लुळा पडला की खाट कलते. सभासदाने प्रश्न विचारावाच. पण नेमक्या पायाबद्दल विचारला तर उत्तर टाळता येत नाही.

संगणक आधी की नकाशा आधी?

आजकाल प्रत्येक दुखण्यावर संगणक हे औषध सांगितले जाते. केंद्र सरकारने २०२२ साली ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, त्यासाठी २,५१६ कोटी रुपये धरले. संगणक हवाच. ऊस नोंदीचे काम आता मोबाईलवर होते, त्यात आमचाही वेळ वाचतो. पण वर सांगितलेल्या घटनेत संगणक होताच की! त्याने ‘मयत’ शेरा पाहिला आणि नाव वगळले. जुन्या काळी हाताने यादी करणाऱ्या कारकुनाने कदाचित विचारले असते, “अरे, ऊस तर उभा आहे, नाव कसं गाळू?” चुकीची रचना संगणकावर चढविली की चूक जास्त वेगाने होते, एवढेच. म्हणून आधी नकाशा, मग संगणक. विकणारा कितीही घाई करो.

दुसरा धोकाही सांगितला पाहिजे. रंगीत तक्ते काढून फाईलला लावायचे आणि पाहुणे आले की दाखवायचे, असेही या विद्येचे होऊ शकते. नकाशाने पाऊस पडत नाही की उतारा वाढत नाही. त्यातून एक तरी काम कोणाच्या तरी नावावर, तारखेसह चढले पाहिजे. नाहीतर कागद वाया.

आम्ही काय योजिले आहे

शिबिरातून आल्यावर आम्ही पाच जणांनी मिळून कार्यकारी संचालकांकडे चार सूचना दिल्या आहेत. नवीन माणूस लागत नाही, नवीन यंत्र लागत नाही.

१. प्रत्येक सभासदाचा एकच क्रमांक पाचही नोंदींत राहावा. नोंद बदलण्याचा अधिकार शेअर्स विभागाला. बदल इतर चारही ठिकाणी पोहोचविण्याची जबाबदारी एका नेमलेल्या कारकुनाची.

२. वारस, वाटणी, कोर्टबाजी अशा प्रकरणातील उसाची वेगळी यादी दर आठवड्याला गट ऑफिसला मिळावी. ऊस पक्व होताच तोड द्यावी, रक्कम निकालापर्यंत अनामत ठेवावी.

३. तोडणी यादी निघाल्यावर स्लिप बॉयने ती फडाशी ताडून पाहावी. ‘ऊस आहे, यादीत नाही’ असे आढळल्यास दोन दिवसांत कळवावे.

४. दर हंगामानंतर सर्व खात्यांनी एक दिवस एकत्र बसून वाट पुन्हा मांडावी. त्या बैठकीत दोन सभासद आणि एक मुकादम असावा.

निर्णय संचालक मंडळाचा आहे. दुसऱ्या सूचनेचे काम मात्र आमच्या अखत्यारीत आहे तेवढे आम्ही सुरू केले आहे. पहिल्या यादीत अकरा नावे निघाली. त्या अकराही फडांवर आम्ही स्वतः जाऊन आलो. येत्या हंगामात त्यांपैकी एकही मार्चपर्यंत उभा राहू नये, ही जबाबदारी आमची.

सभासदांनी काय करावे?

हे शिक्षण साहेबांपुरते आहे असे समजू नका. प्रत्येक सभासद आपल्या पुरता नकाशा काढू शकतो. घरात वारस नोंद बाकी असेल तर ती लागणीच्या नोंदीशी जोडली आहे का, हे आजच विचारा. बँक खाते बदलले असेल तर कोणत्या रजिस्टरला कळविले ते पाहा. गट ऑफिसने “आमच्याकडं नसतं” असे सांगितले तर तेवढ्यावर परत फिरू नका. “मग पुढचा टप्पा कोणाकडे, आणि तुम्ही त्यांना कळविणार की मी?” असे स्पष्ट विचारा. वार्षिक सभेत “कारभार सुधारा” अशी मोघम मागणी होते आणि तिला मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी “कोणत्या टप्प्यावर किती दिवस लागतात?” असा प्रश्न येऊ द्या.

त्या भगिनींच्या नावावर आता शेअर्स चढले आहेत, आणि त्यांच्या नव्या लागणीची नोंद आम्ही स्वतः बांधावर उभे राहून घेतली. गेलेले टनेज त्यामुळे परत येत नाही, हे आम्ही जाणतो. पण पुन्हा कुणाला तीन खेटे घालावे लागू नयेत, एवढे जरी या शिबिरातून साधले तरी आटगावचे भाडे वसूल झाले असे आम्ही समजू.

सभासदांनी आपल्या अडचणी व सूचना गट ऑफिसमध्ये लेखी द्याव्यात, पोच घ्यावी. पोच मागायला संकोच करू नये.

— ऊस विकास अधिकारी